ईसीएम बदलल्यावर गाडी पुन्हा पुन्हा बंद पडते: आधी बघा, ती नेमकी कधी बंद पडते

ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, बदलला, सेल्फ मारला, गाडी सुरूही झाली, पण टिकत नाही. कुणाची दोन सेकंदांत बंद पडते, कुणाची सिग्नलला पाय काढला की, कुणाची एसी लावला की, आणि कुणाची पाऊण तास सुरळीत चालून ऐन घाटात. तक्रार मात्र सगळे एकाच वाक्यात सांगतात: "नवा कॉम्प्युटर टाकला तरी गाडी बंद पडते." गॅरेजमधूनही बहुतेक वेळा ठरलेलं उत्तर मिळतं: "हा पीस खराब निघाला, दुसरा टाकून बघू." दुसरा पीस टाकायच्या आधी थांबा. टाकलेला ईसीएमच बाद आहे, असं सगळ्यात शेवटी धरायचं. त्याआधी तपासायच्या गोष्टींना एक साधा मल्टिमीटर, एक बऱ्यापैकी स्कॅनर (ईसीएममधले दोषाचे कोड आणि आकडे दाखवणारं यंत्र) आणि थोडी चिकाटी पुरते.

सुरुवात स्कॅनरने करू नका, कागद-पेनने करा. गाडी गार असताना बंद पडते की गरम झाल्यावर? सेल्फ मारल्यापासून किती वेळाने? ॲक्सिलेटर दाबून धरला तर टिकते का? बंद पडताना आरपीएमचा काटा हळूहळू खाली येतो की एकदम शून्यावर आपटतो? चावी ऑन केल्यावर डॅशबोर्डवरचा चावीचा किंवा कुलपाचा दिवा विझतो की लुकलुकत राहतो? पेट्रोलवर बंद पडते की सीएनजीवर? एवढी उत्तरं हातात आली की अर्धं निदान झालं. बाकीचं काम त्या दिशेने जायचं.

दोन सेकंदांत बंद: हा इममोबिलायझर

सेल्फ मारला, इंजिन झकास लागलं आणि एक-दोन सेकंदांत कुणी बटण दाबल्यासारखं बंद झालं. पुन्हा मारलं, पुन्हा तेच. रेस देऊनही उपयोग नाही. असं दर वेळी त्याच ठिकाणी होत असेल तर पेट्रोल पंप, प्लग, कॉईल यांच्या मागे लागू नका.

चावीच्या प्लास्टिकच्या मुठीत एक बारीक चिप असते. तिला सेल लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचं वेटोळं असतं, त्यातून निघणाऱ्या लहरींवर ती जागी होते आणि आपला कोड सांगते. इममोबिलायझर, म्हणजे गाडीची चोरी रोखणारी यंत्रणा, तो ताडून बघतो आणि ईसीएमला परवानगी देतो. ईसीएमच्या मेमरीत त्याच्या मूळ गाडीची ओळख पक्की नोंदलेली असते. भंगारातल्या गाडीचा ईसीएम तुमच्या गाडीत बसवला की ओळख जुळत नाही आणि तो इंधन तोडतो.

हे तोडणं प्रत्येक कंपनीत वेगळ्या वेळी होतं, आणि फसगत इथेच होते. छत्रपती संभाजीनगरजवळच्या (तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या) शेंद्र्याच्या कारखान्यात जुळणी झालेली पहिल्या पिढीची स्कोडा ऑक्टाव्हिया घ्या. तिच्यात इंजिन आधी सुरू होतं आणि मग सेकंद-दोन सेकंदांत बंद पडतं. फोक्सवॅगन गटाच्या त्या काळातल्या गाड्यांचं हे ठरलेलं लक्षण आहे, आणि स्कॅनरवर पी१५७० हा कोड येतो. दुसऱ्या कित्येक गाड्यांत इंजिन लागतच नाही, नुसता सेल्फ फिरत राहतो. सर्वसाधारण कोडांपैकी पी०५१३, पी०६३३ आणि यू०१६७ हे तिन्ही इममोबिलायझरकडे बोट दाखवतात.

उपाय तीन. पहिला, कोरा ईसीएम घेऊन कंपनीच्या स्कॅनरने गाडीशी जोडणं. दुसरा, वापरलेल्या ईसीएमची जुनी ओळख रीतसर पुसून नव्याने शिकवणं. ही सोय काही कंपन्यांत आहे, काहींत नाही. ह्युंदाईत ती आहे, पण पिन तीनदा चुकला की तासभर कुलूप लागतं, त्यामुळे अंदाजपंचे पिन मारत बसू नका. तिसरा, जुन्या ईसीएमची मेमरी वाचता येत असेल तर ती जशीच्या तशी नव्यात उतरवणं. हा तिसरा उपाय मला सगळ्यात पसंत आहे, कारण इममोबिलायझरची ओळख आणि चासी नंबर दोन्ही एकाच वेळी जुळतात आणि मालकाला नव्या चाव्या कराव्या लागत नाहीत.

बाजारात चौथा रस्ताही सुचवतात, इममोबिलायझर कायमचा बंद करून टाकायचा. मी ते करत नाही. चोरीपासूनचं ते संरक्षण मालकाने पैसे मोजून घेतलेलं असतं. काम सोपं व्हावं म्हणून आपण ते काढून घेणं योग्य नाही.

अजून एक बारीक गोष्ट. दोन गाड्यांच्या चिपवाल्या चाव्या एकाच किचेनला असतील तर त्या सोडवून एकेक चावी लावून बघा. शेजारची चिप मध्ये बोलते आणि वाचनात घोळ होतो.

पाय काढला की बंद: इथे बहुतेक गाड्या अडकतात

रेस धरली तर गाडी मस्त, पाय काढला की आरपीएम घसरतो, गाडी थरथरते आणि बंद. सकाळी गार असताना त्रास जास्त. ईसीएम बदलल्यावर येणाऱ्या तक्रारींत ही सगळ्यात जास्त दिसते, आणि याच तक्रारीपायी चांगले ईसीएम खराब म्हणून परत जातात.

का होतं ते समजून घ्या, म्हणजे उपाय लक्षात राहील. पेट्रोल गाडी आयडलिंगला (ॲक्सिलेटर न दाबता नुसती चालू) असताना थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेची, पाकळी जवळजवळ बंद असते. कडेच्या बारीक फटीतून जाणाऱ्या हवेवर इंजिन ७००-८०० आरपीएमच्या आसपास फिरत राहतं. काही वर्षांत त्या कडेला काळ्या तेलकट काजळीचं कडं धरतं आणि फट बुजत जाते. जुना ईसीएम हे रोज थोडं थोडं शिकत आलेला असतो. फट कमी झाली तशी तो पाकळी किंचित जास्त उघडत गेला, म्हणून मालकाला काही जाणवलंच नाही. नव्या ईसीएमला या काजळीचा पत्ता नाही. तो स्वच्छ थ्रॉटलच्या हिशेबाने पाकळी उघडतो, हवा कमी पडते आणि इंजिन मरतं. वापरलेला ईसीएम असेल तर तो दुसऱ्याच गाडीच्या थ्रॉटलचं शिकलेलं घेऊन आलेला असतो. त्याची गाडी कधी बंद पडते, तर कधी उगाच १५०० आरपीएमवर ओरडत राहते.

म्हणून आधी थ्रॉटल बॉडी साफ करा. चावी ऑफ, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली, आणि थ्रॉटल बॉडीसाठीचाच क्लीनर मऊ कापडावर मारून कडा पुसा. काही पाकळ्यांवर कारखान्यातच एक लेप दिलेला असतो. खरवडलं किंवा जहाल कार्ब्युरेटर क्लीनर मारला तर तो निघतो. केबल नसलेल्या, मोटरवर चालणाऱ्या थ्रॉटलची पाकळी चावी ऑन असताना बोटाने कधीच ढकलू नका. आतले प्लास्टिकचे गिअर जातात, आणि बोट अडकलं तर तेही जाईल.

मग ईसीएमला थ्रॉटल शिकवायचा. याची पद्धत प्रत्येक कंपनीची वेगळी आहे आणि ती पाळावीच लागते.

सुझुकीच्या इलेक्ट्रिक थ्रॉटलच्या गाड्यांत ईसीएम बदलल्यावर चावी ऑन करून, इंजिन सुरू न करता, पाच सेकंद किंवा जास्त थांबायचं असतं. तेवढ्या वेळात ईसीएम पाकळीची बंद जागा मोजून घेतो. थ्रॉटलच बदलला असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वीस सेकंद काढून जुनी नोंद पुसायची. एवढं साधं काम आहे, पण आपल्याकडे चावी लावली की एका दमात सेल्फ मारायची सवय, त्यामुळे ते होतच नाही. चावी ऑन करून कान थ्रॉटलकडे लावा. पाकळी हलल्याची बारीक घरघर ऐकू येते. ती थांबली की मग सेल्फ.

होंडात थोडी चिकाटी लागते. एसी, दिवे, टेप सगळं बंद. इंजिन सुरू करून न्यूट्रलमध्ये ३००० आरपीएम धरायचा, रेडिएटरचा पंखा लागेपर्यंत किंवा पाणी ९० अंशांपर्यंत तापेपर्यंत. मग पाय पूर्ण काढून साधारण पाच मिनिटं आयडलिंगला सोडायची. मध्ये पंखा लागला तर तो वेळ पाच मिनिटांत धरायचा नाही. पाय काढल्यावर सुरुवातीला गाडी बंद पडू पाहत असेल तर थ्रॉटल अजून घाण आहे किंवा कुठून तरी हवा ओढतेय.

निसानमध्ये तीन पायऱ्या आहेत: पेडलची सोडलेली जागा, थ्रॉटलची बंद जागा आणि मग आयडलिंगची हवा. तिसरी पायरी जमायला अटी कडक आहेत. इंजिन चालू असताना बॅटरीवर १२.९ व्होल्टच्या वर दाब हवा, इंजिन नीट तापलेलं हवं, स्टिअरिंग सरळ हवं, सगळा लोड बंद हवा. अशक्त बॅटरीवर ही पायरी होतच नाही आणि मेकॅनिक ईसीएमला दोष देतो. फोक्सवॅगन-स्कोडाच्या जुन्या इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या गाड्यांत इंजिन बंद, चावी ऑन ठेवून स्कॅनरच्या बेसिक सेटिंगमध्ये ०६० हा गट चालवतात. थ्रॉटल टकटक करतो आणि पडद्यावर ओके येतं.

शिकवूनही आयडलिंग जमत नसेल तर हवेची गळती शोधा. ईसीएम काढताना फिल्टरचा डबा, पाइप, क्लिपा निघालेल्या असतात आणि एखादी नळी परत बसलेली नसते. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (ईसीएम इंधन किती वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा) बघा. आयडलिंगला तो बराच प्लसमध्ये आणि २५०० आरपीएमला परत ठीक येत असेल, तर थ्रॉटल आणि इंजिनाच्या मधे कुठेतरी फुकटची हवा आत जातेय. ब्रेक बूस्टरची नळी विसरू नका. गार इंजिनाचं तापमान स्कॅनरवर उणे ४० दिसत असेल तर टेम्परेचर सेन्सरचं कपलर (वायरींचा प्लग) लावायचंच राहिलंय, किंवा त्याची वायर तुटलीय.

सीएनजी असेल तर

मुंबई-पुण्याकडे बाहेरून किट बसवलेल्या गाड्या भरपूर. अशा किटचा स्वतःचा वेगळा ईसीएम असतो आणि तो पेट्रोलच्या इंजेक्टरच्या वायरी मध्येच तोडून जोडलेला असतो. गाडी पेट्रोलवर ठीक आणि सीएनजीवर जाताना बंद, असं असेल तर मूळ ईसीएमला हात लावायचं काम नाही. किटचं कॅलिब्रेशन नव्याने करून घ्या. दोन्हींवर बंद पडत असेल तर किटचं कपलर काढून इंजेक्टरच्या वायरी थेट जोडा आणि मग तपासा. टेप गुंडाळून पिळलेले जॉइंट दिसले की ते उघडून नीट सोल्डर करा. बाहेरून बसवलेला अलार्म किंवा जीपीएसचा इंजिन बंद करणारा रिलेही याच वायरिंगमध्ये दडलेला असतो. तपासणीपुरता तोही बाजूला काढा.

चालता चालता बंद: जुना ईसीएम कशाने गेला?

हा प्रश्न ईसीएम बदलायच्या आधीच विचारायला हवा होता. ईसीएम आपणहून क्वचित मरतो. त्याला मारणारं कारण गाडीतच राहिलं तर नवाही त्याच वाटेने जातो.

पाणी हे आपल्याकडचं मोठं कारण. २६ जुलै २००५ ला मुंबईत आणि २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाण्याखाली गेलेल्या गाड्यांचे हाल अनेकांनी पाहिले आहेत. अशा गाडीचा ईसीएम बदलतात, पण कपलर तसाच ठेवतात. कपलर काढून उजेडात धरा. पिनांवर हिरवी-पांढरी बुरशीसारखी पूड दिसली तर ती आतल्या क्रिम्पपर्यंत (पिनेत वायर दाबून बसवलेल्या जोडापर्यंत) गेलेली असते. वरून क्लीनर मारून महिनाभर निभावतं, मग पुन्हा तक्रार सुरू. अशा पिना बदलाव्याच लागतात. काही गाड्यांत ईसीएम डॅशबोर्डच्या खाली असतो आणि एसीच्या पाण्याची नळी तुंबली की पाणी थेट त्याच्यावर ठिबकतं. पुरात न सापडलेल्या गाडीचाही ईसीएम असा भिजतो.

दुसरं कारण शॉर्ट झालेला भाग. इग्निशन कॉईल किंवा इंजेक्टर आतून शॉर्ट असेल तर तो ईसीएममधला ड्रायव्हर, म्हणजे त्या भागाला चालवणारं सर्किट, जाळतो. नवा ईसीएम जोडण्याआधी प्रत्येक इंजेक्टरचा रेझिस्टन्स मोजा. साध्या पेट्रोल गाड्यांत तो बहुधा १२ ते १६ ओहम असतो. एखादा दोन-तीन ओहम दाखवत असेल तर तोच गुन्हेगार. सेन्सरना जाणारी ५ व्होल्टची लाइनही बघा. ती खाली ओढली जात असेल तर सेन्सरचे कपलर एकेक करून काढा. ज्याचं काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात, तो सेन्सर किंवा त्याची वायर शॉर्ट आहे.

तिसरं कारण अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारी जोडणी. यावर मी जरा थांबतो, कारण सगळ्यात स्वस्त दुरुस्ती इथेच असते आणि सगळ्यात कमी तपासलं जातं तेही हेच. आमच्याकडे एक पेट्रोल हॅचबॅक आली होती. आधीच्या गॅरेजने लागोपाठ दोन ईसीएम टाकलेले. सकाळी सुरू व्हायची, चालायची, आणि एसी लावून सिग्नलला उभी राहिली की बंद. मालकाचा संशय कॉम्प्रेसरवर. मल्टिमीटरची लाल टोचणी ईसीएमच्या अर्थ पिनला मागून लावली, काळी बॅटरीच्या निगेटिव्हवर. इंजिन चालू, एसी बंद: ०.०४ व्होल्ट. अगदी निरोगी. एसी लावला, रेडिएटरचा पंखा फिरला आणि आकडा दीड व्होल्टच्या वर चढला. इंजिन थरथरून बंद. बॅटरीची निगेटिव्ह केबल बॉडीला जिथे बोल्टने बसते, तो बोल्ट काढला तर थिंबलच्या (केबलच्या टोकाच्या कडीच्या) खाली रंगाचा जाड थर. मधे कधीतरी डेंटिंग-पेंटिंग झालेलं आणि रंगावरच थिंबल आवळलेलं. पॉलिश पेपरने पत्रा चमकेपर्यंत घासला, थिंबल बदललं, वरून ग्रीस लावलं. पंखा चालू असतानाही आकडा ०.०५ वर राहिला. तोच ईसीएम आजही त्या गाडीत आहे.

लक्षात ठेवायचा आकडा ०.१ व्होल्ट. लोड चालू असताना ईसीएमच्या अर्थ पिनपासून बॅटरीपर्यंत याहून जास्त दिसता कामा नये. पॉझिटिव्ह बाजूलाही बॅटरी आणि ईसीएमच्या पिनमध्ये अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक नको. हे मोजमाप इंजिन बंद ठेवून, नुसत्या ओहमवर करू नका. तारेचा एक धागा शिल्लक असला तरी ओहममीटर सगळं ठीक म्हणतो.

इंजिन गरम झाल्यावर बंद पडते आणि दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप लागते? मग मेन रिले (ईसीएमला वीज पोचवणारा स्विच) आणि क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीएमला सांगणारा) बघा. जुन्या होंडा गाड्यांच्या मेन रिलेत आतल्या सोल्डरला उन्हाने बारीक तडे जायचे, हे त्या गाड्या हाताळलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. क्रँक सेन्सरची खूण आरपीएमच्या काट्यात दिसते. गाडी गिअरमध्ये पुढे सरकतेय, इंजिन चाकांनी फिरतंय, आणि काटा मात्र शून्यावर आपटलाय, तर ईसीएमला क्रँकचा सिग्नलच मिळत नाहीये. कोड पी०३३५ आला तर उत्तमच, पण तो दर वेळी येतोच असं नाही. सेन्सरकडे जाणारी वायर उंदराने कुरतडलीय का, हेही बघा. पावसाळ्यात पार्किंगमध्ये उभ्या गाड्यांना हा त्रास फार.

एक सावधगिरी. चालत्या गाडीत इंजिन बंद पडलं तर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकचा बूस्टर एक-दोन दाबांपुरताच साथ देतो. चावी काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल. तक्रार मिटल्याची खात्री होईपर्यंत ही गाडी घाटात किंवा एक्सप्रेसवेवर नेऊ नका.

नंबर नीट जुळवला का?

कुर्ल्याच्या किंवा दिल्लीतल्या मायापुरीच्या भंगारबाजारातून ईसीएम आणताना मॉडेल आणि वर्ष सांगून भागत नाही. डबा तोच, कपलर तोच, आतलं कॅलिब्रेशन वेगळं. एप्रिल २०१० मध्ये गाड्यांच्या धुराचे बीएस-४ नियम देशातल्या १३ शहरांत आधी लागू झाले. त्यांत मुंबई, पुणे आणि सोलापूर होती, बाकी महाराष्ट्रात बीएस-३ चालू होतं. संपूर्ण देशात बीएस-४ आलं ते एप्रिल २०१७ ला. म्हणजे त्या काळातली एकाच मॉडेलची, एकाच वर्षाची पुण्याची गाडी आणि साताऱ्याची गाडी यांचे ईसीएम वेगळे असू शकतात. लेबलवरचा पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. मॅन्युअल-ऑटोमॅटिकचा फरकही तिथेच कळतो.

डिझेलवाल्यांसाठी थोडक्यात: कॉमन रेलच्या (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून जास्त दाबाने डिझेल देणाऱ्या) बहुतेक गाड्यांत प्रत्येक इंजेक्टरवर एक कोड छापलेला असतो, आणि तो सिलिंडरच्या क्रमाने नव्या ईसीएममध्ये भरावा लागतो. ते राहिलं तर ठोका, धूर, खडबडीत आयडलिंग आणि बंद पडणं, सगळं एकत्र येतं. काम सुरू करायच्या आधी इंजेक्टरवरची घाण पुसून कोडचे मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. नंतर बोनेटखाली वाकून ते वाचणं अवघड जातं.

आणि जुना ईसीएम गॅरेजमध्ये सोडून येऊ नका, "एक्स्चेंजमध्ये थोडे पैसे सुटतील" म्हणून देऊनही टाकू नका. तो जळलेला असला तरी त्यातली मेमरी पुष्कळदा शाबूत असते. तुमच्या गाडीच्या चाव्यांची आणि चासी नंबरची ओळख तिच्यातच आहे. नव्या ईसीएमचं बिल आणि जुना ईसीएम एका पिशवीत घालून, वर गाडीचा नंबर लिहून घरी ठेवा. गाडी महिनाभर तक्रारीविना चालली, तरी ती पिशवी टाकू नका.